अठ्ठावीस हजारांचे इअरफोन घेऊ का?

"काका, मी म्हापशाला राहते आणि पणजीतल्या एका शाळेत शिकवते. आठ वर्षं शास्त्रीय गाणं शिकते आहे. रोज बसमध्ये येता-जाता गुरुजींच्या शिकवणीचं रेकॉर्डिंग आणि जुन्या गायिकांच्या ध्वनिमुद्रिका ऐकते. माझ्याकडचे इअरफोन सहाशे रुपयांचे आहेत. गेल्या महिन्यात शाळेतल्या एका सहकाऱ्याने त्याचे अठ्ठावीस हजारांचे इन-इअर (कानाच्या नळीत बसणारे इअरफोन) दोन मिनिटं कानात घालायला दिले आणि मी थक्क झाले. तानपुरा जणू माझ्या डोक्याच्या आत वाजत होता. दीड वर्ष साठवलेले तीस हजार माझ्याजवळ आहेत. आई म्हणते, त्यातून आजीच्या तानपुऱ्याची जवारी काढून घे, दोन वर्षं तो कोपऱ्यात उभा आहे आणि तू फोनमधल्या तानपुऱ्यावर रियाझ करतेस. इअरफोनची एवढी किंमत खरंच वसूल होते का? – एक वाचक, म्हापसा"

बाय, आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. अठ्ठावीस हजार घालू नकोस. तीन-साडेतीन हजारांत तुझं काम उत्तम होईल. जवारी काढायचं, म्हणजे तानपुऱ्याची घोडी घासून तारांची झंकार परत आणायचं, आईचं म्हणणं मला पटलं आहे, त्याकडे नंतर येतो.

त्या दोन मिनिटांपासून सुरुवात करू, कारण तुझा जीव तिथेच अडकला आहे. तू जे ऐकलंस तो भास नव्हता. फक्त त्या क्षणी तीन गोष्टी एकदम बदलल्या होत्या. सहकाऱ्याच्या इअरफोनची रबरी टोपी तुझ्या कानात घट्ट बसली, जी तुझ्या सहाशेवाल्याची बहुधा कधीच बसली नव्हती. आवाजही तू एरवी ठेवतेस त्याहून थोडा वर असणार, कारण दुसऱ्याला काही ऐकवताना माणूस आवाज वाढवूनच देतो. आणि तू सगळं सोडून, लक्ष एकवटून ऐकलंस. या तिन्हींतली एकही गोष्ट अठ्ठावीस हजारांना बांधलेली नाही.

आवाजाच्या पातळीचं थोडं जास्त सांगतो. मी तीस वर्षं साउंडचं काम केलं: जत्रेतली संगीत नाटकं, चवथीतल्या मैफली, देवळाच्या मंडपातली भजनं. गायक तालमीच्या वेळी म्हणायचा, "आवाजात जीव नाही." मी मिक्सरवर बाकी कशालाही हात न लावता फक्त एक-दीड डेसिबल वर सरकवायचो. "आता कसा गोड झाला!" तो खोटं बोलत नसे. इतक्या लहानशा वाढीने आवाज कानाला मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. शिवाय हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन या दोन अमेरिकन संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं होतं. म्हणजे जरा मोठ्याने लागलेला इअरफोन भरदार वाटतो, हळू लागलेला पोकळ. दुकानात किंवा मित्राकडे दोन मिनिटं ऐकून निर्णय घेणाऱ्यांची इथेच फसगत होते.

खरी परीक्षा घ्यायची तर सहकाऱ्याकडून ते एका रविवारसाठी मागून घे. टोप्या मात्र तुझ्या मापाच्या, धुतलेल्या लाव. फोनवर तानपुरा सुरू ठेवून दोन्ही इअरफोनांचा आवाज कानाला सारखा लागेपर्यंत जुळव. मग गुरुजींच्या शिकवणीचं रेकॉर्डिंग लाव. बाजारातली चकचकीत गाणी नकोत. गुरुजींचा आवाज तू आठ वर्षं समोर बसून ऐकला आहेस. तो कुठे दाणेदार आहे, कुठे घसा बसतो, श्वास कुठे घेतात, सगळं तुला माहीत आहे. ज्या इअरफोनमध्ये ते समोर बसल्यासारखे वाटतील तो चांगला. अशा परीक्षेत महागडे इअरफोन बऱ्याचदा हरतात, कारण काही कंपन्या पहिल्या ऐकण्यात छाप पडावी म्हणून वरची पट्टी मुद्दाम धारदार ठेवतात. तानपुऱ्याची जवारी मग कानाला टोचायला लागते आणि "स"चा प्रत्येक उच्चार शिट्टी मारतो.

किंमत आणि आवाज यांचं नातं कुणी मोजलं आहे का? मोजलं आहे. २०१७ मध्ये येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोन आणि इअरफोनांचा प्रतिसाद मोजला, म्हणजे खर्जापासून तारेपर्यंत कुठला सूर किती जोरात येतो ते, आणि तो त्यांच्या किमतींशी ताडून पाहिला. दोन्हींत काही संबंध सापडला नाही. या एका गोष्टीत सगळं येत नाही, हे मान्य. पण माझ्या अनुभवाने इअरफोनच्या आवाजातला मोठा हिस्सा तिथेच ठरतो.

मग पैसा जातो कुठे? इन-इअरच्या पोटात आवाज करणारा भाग असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. एक प्रकार म्हणजे छोटासा स्पीकरच, पडदा आणि कॉइल असलेला. दुसरा बॅलन्स्ड आर्मेचर. हा तांदळाच्या चार-पाच दाण्यांएवढा, आधी श्रवणयंत्रांत वापरला जाणारा. अमेरिकेतल्या एटिमोटिक कंपनीने १९९१ मध्ये तो संगीतासाठीच्या उत्तम इअरफोनमध्ये आणला. १९९५ मध्ये जेरी हार्वी या साउंड इंजिनिअरने व्हॅन हेलन या बँडच्या ड्रमवादकासाठी कानाच्या साच्यावरून इन-इअर घडवले आणि रंगमंचावरचे गायक-वादक हळूहळू तिकडे वळले. त्या लोकांना ते लागतातच. माझ्या मॉनिटरच्या, म्हणजे गायकाला त्याचाच आवाज ऐकवणाऱ्या, पेट्यांसमोर उभं राहून कान फोडून घेण्यापेक्षा हे शतपटीने बरं. रोज रंगमंचावर उभं राहायचं असतं, तर मी तुलाही साच्यावरून करून घे म्हटलं असतं.

पण बाजारात पुढे ड्रायव्हर मोजायची चढाओढ लागली. चार, आठ, बारा. जेवढे जास्त ड्रायव्हर, तेवढी त्यांची आपसांत सांगड घालायची कसरत जास्त. ती साधली तर सुंदर, नाहीतर गाण्याचे तुकडे पडतात. एका चांगल्या ड्रायव्हरचा नीट जुळवलेला इअरफोन माझ्या कानाला बहुतेक वेळा जास्त सलग लागतो. उरलेली किंमत कवच, वायर, डबी, थोड्या संख्येने केलेलं उत्पादन आणि नाव यांची. या वस्तू वाईट नसतात. काही तर हातात घेऊन बघत राहाव्यात इतक्या देखण्या असतात. एकदा मी एका मित्राचे फार महागडे घालून तबला ऐकला होता. चाटेवर, म्हणजे तबल्याच्या कडेवर, बोट पडून उठतं तो क्षण वेगळा ऐकू आला, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं कबूल करूनही सांगतो: सहाशेवरून तीन हजारांवर जाताना जो फरक पडतो, तो तीन हजारांवरून तीस हजारांवर जाताना पडत नाही.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते. इन-इअरचा अर्धा आवाज त्या रबरी टोपीत असतो. कानाची नळी आणि टोपी यांच्यात केसाएवढी फट राहिली, तरी खर्ज तिथून पळतो. मग माणूस म्हणतो, इअरफोन पातळ वाजतो, आणि दुप्पट किमतीचा आणतो. दुकानात येणाऱ्या डब्यात तीन मापांच्या टोप्या असतात आणि बहुतेक लोक लावून आलेली मधली कधीच बदलत नाहीत. तुझे दोन्ही कान एकाच मापाचे असतील असंही नाही. माझा उजवा मधली मागतो, डावा लहान. घालताना दुसऱ्या बाजूच्या हाताने कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढ, नळी सरळ होते, मग टोपी आत सरकव. घरात चवथीच्या आरतीचं रेकॉर्डिंग असेलच. त्यात घुमटाचा, म्हणजे मातीच्या भांड्याला चामडं ताणलेल्या आपल्या वाद्याचा, तो घुमणारा ठोका ऐक. शामेळाचा ढोल आणि कासाळ्यांच्या झांजा वाजताहेत पण घुमट मागे पडलं आहे असं वाटलं, तर टोपीचं माप चुकलं आहे. बोटाने इअरफोन हलकेच दाबल्यावर घुमट पुढे आलं, तर खात्रीच. रबरी टोप्यांनी भागत नसेल तर फोमच्या घे. चिमटीत दाबून आत घालायच्या, त्या आत फुगून बसतात. मात्र आपल्या हवेत काही महिन्यांत खराब होतात, एवढं धरून चाल. हा सगळा उपचार तुझ्या सहाशेवाल्यावर आजच कर. कदाचित तिथेच तुला धक्का बसेल.

घट्ट बसण्याचा दुसरा फायदा मला आवाजाच्या गोडीहून मोठा वाटतो. म्हापसा ते पणजी, पर्वरीची कोंडी धरून, पाऊण तास म्हणू. जाऊन-येऊन दीड तास, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे नऊ तास. बसचं इंजिन, हॉर्न आणि कंडक्टरच्या आवडीची गाणी मिळून आत पंच्याहत्तर-ऐंशी डेसिबल सहज होतात. ढिल्या इअरफोनमधून गुरुजींची हळुवार मींड त्यावर ऐकू यायची तर तुला आवाज नव्वदीच्या घरात न्यावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेचं माप असं आहे: ऐंशी डेसिबलला आठवड्याचे चाळीस तास चालतील, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. त्र्याऐंशीला वीस तास, शहाऐंशीला दहा, एकोणनव्वदला पाच. तुझे नऊ तास त्या हिशेबात कधीच ओलांडून गेले. नीट बसलेली टोपी बाहेरचा गोंगाट वीस डेसिबलच्या आसपास अडवते, आणि तोच आलाप तू सत्तरीत ऐकू शकतेस.

मी हे पुस्तकातून सांगत नाही. जत्रेच्या नाटकांत रात्र रात्र मी डाव्या हाताच्या पेट्यांजवळ उभा असायचो. आज पावसाळ्याच्या रात्री खिडकी उघडली की रातकिडे मला फक्त उजव्या कानाने ऐकू येतात. डाव्यात त्यांच्याजागी एक बारीक "सीं" असते, ती दिवसाही थांबत नाही. तुझं वय सव्वीस असो वा छत्तीस, तू गाणारी आहेस. श्रुतींमधला फरक ज्या कानाने ओळखायचा तो कान दुकानात मिळत नाही. बसमधून उतरल्यावर थोडा वेळ जरी कानात शिट्टी वाजत असेल, तर बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, कान-नाक-घसा विभागात जाऊन ऐकण्याची तपासणी करून घे. ऑडिओमेट्री म्हणतात तिला. दुखत नाही, वेळही फार लागत नाही.

जुन्या ध्वनिमुद्रिकांविषयीही लिहितो, कारण त्या तुझ्या ऐकण्याचा मोठा भाग आहेत. केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून अंतराळात गेली. आपल्या फोंड्याच्या मातीतला आवाज आज सगळ्या ग्रहांच्या पलीकडे आहे, हे आठवलं की मला अजून भरून येतं. पण केसरबाईंच्या काळच्या, मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं मावायची, आणि वरच्या पट्टीतला फार थोडा भाग मुद्रित व्हायचा. जे तबकडीतच उतरलं नाही ते अठ्ठावीस हजारांचा इअरफोन कुठून आणणार? उलट वरचा भाग उजळ करणारा इअरफोन खरखर पुढे आणतो आणि गाणं मागे ढकलतो. या गायिकांसाठी मधली पट्टी भरीव आणि शांत असलेला साधा इअरफोन जास्त न्याय देतो. गुरुजींचं रेकॉर्डिंग तू फोनवर केलेलं असणार, त्यालाही हेच लागू.

रियाझाच्या दोन गोष्टी दुकानदार सांगणार नाही. एक, दोन्ही कान बंद करून गाऊ नकोस. कान बुजले की स्वतःचा आवाज हाडांमधून घुमून खर्जात भारी वाटतो आणि सुराचा अंदाज चुकतो. एक कान उघडा ठेव. दुसरी, तबल्याच्या ॲपबरोबर गाऊन रेकॉर्ड करत असशील तर ब्लूटूथ नको. त्यात आवाज कानापर्यंत यायला सेकंदाचा दहावा-पाचवा हिस्सा उशीर होतो. तू समेवर येतेस, रेकॉर्डिंगमध्ये सम निघून गेलेली असते, आणि मग तू विनाकारण स्वतःच्या लयीवर शंका घेतेस. शिवाय ब्लूटूथच्या बड्समध्ये बॅटरी असते आणि दोन-तीन वर्षांत ती दमते. बदलून मिळणं कठीण. अठ्ठावीस हजारांची वस्तू बॅटरीपायी टाकून द्यायची, हे मला सहन होत नाही. बसच्या इंजिनाची घरघर कमी करणारे नॉइज कॅन्सलिंगवाले बड्स काहींना खरंच उपयोगी पडतात. तुझं रोजचं ऐकणं नुसतं करमणुकीचं असतं तर मी तेही सुचवले असते.

म्हणून तुझ्यासाठी वायरवाले. मूनड्रॉप, ट्रुथइअर, सेव्हन हर्ट्झ अशा चिनी कंपन्यांचे उत्तम इन-इअर दोन ते पाच हजारांत मिळतात. त्यातला एका ड्रायव्हरचा, सुटी होणारी वायर असलेला बघ. आपल्याकडे आधी वायरच जाते, आणि सुटी असली की काही शेकड्यांत नवी येते. जोड दोन पिनांचा असलेला बरा. तुझ्या फोनला जुनं गोल भोक नसेल तर हजाराच्या आत-बाहेर मिळणारा डोंगल, म्हणजे फोन आणि वायर यांच्यामधला छोटा जोड, घे, त्यातच आवाजाचं लहानसं यंत्र असतं आणि एवढ्या कामाला ते पुरतं. "हाय-रेझ"चं सोनेरी चिन्ह बघून एक रुपयाही जास्त देऊ नकोस. ते चाळीस हजार हर्ट्झची बढाई मारतं, आणि माणसाचा कान वीस हजारांवर थांबतो. पावती घे. घातलेले इन-इअर बरेच दुकानदार परत घेत नाहीत, आणि नावाजलेल्या कंपन्यांच्या नकला बाजारात पुष्कळ आहेत.

हा झाला साडेतीन-चार हजारांचा खर्च. आता आईचं म्हणणं.

फोनमधला तानपुरा हा एका तानपुऱ्याचा ठरावीक तुकडा, पुन्हा पुन्हा वाजणारा. तारेखालचं सूत एका केसाने सरकवलं की स्वरातून गंधार उमलतो, आणि तो दर वेळी थोडा वेगळा उमलतो. ते ऐकायला कान जेव्हा शिकतो, तेव्हाच इअरफोनमधल्या तानपुऱ्यातलं खरं-खोटं त्याला कळायला लागतं. सहकाऱ्याच्या इअरफोनमधून जे ऐकून तू थक्क झालीस, त्याचं मूळ तुझ्या घरात कोपऱ्यात उभं आहे, मुकं. मिरजेचे कारागीर हे काम पिढ्यान्‌पिढ्या करतात. गुरुजींना विचार, त्यांच्या ओळखीचं कुणी गोव्यात फेरी मारत असेल. नसेल तर सुट्टीत वाद्य घेऊन स्वतः जा आणि कारागीर जवारी काढत असताना शेजारी बसून ऐक. दोन वर्षं न वाजलेल्या वाद्याच्या भोपळ्याला आपल्या दमट हवेत भेग गेली आहे का, घोडी बसली आहे का, तेही तिथेच बघून घे. उरलेले पैसे बँकेत राहू देत.

इअरफोन आला की पावसाळ्यात तो उघड्यावर टाकू नकोस. औषधांच्या बाटलीतून निघणारी सिलिका जेलची पुडी घालून डबीत ठेव. आठवड्याने टोप्या काढून साबणाच्या कोमट पाण्यात धू, पूर्ण सुकल्याशिवाय परत लावू नकोस. ओलसर कानात टोपी घालून बसलं की बुरशी धरते आणि महिनाभर खाजेने जीव जातो. जाळीत मळ अडकला तर एका बाजूचा आवाज बसतो आणि लोक इअरफोन बिघडला म्हणून फेकतात, मऊ ब्रशने साफ केला की तो बोलायला लागतो. आणि म्हापशाच्या स्टँडवरून स्कूटर काढलीस की दोन्ही कान मोकळे, तिथे तडजोड नाही.

जवारी काढून झाली की पहिल्याच संध्याकाळी खिडक्या लावून तानपुरा फोनवर पाच मिनिटं रेकॉर्ड कर. मग ते रेकॉर्डिंग तुझ्या नव्या इअरफोनमधून आणि सहकाऱ्याच्या अठ्ठावीस हजारांच्यातून, आवाज सारखा जुळवून ऐक. काय ऐकू आलं ते मला लिही. मी वाट बघतो.